नकाशांतील रंग आणि बोंडांतील सत्य

(नभोवाणीवरील भाषण)

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे ज्याला आपण २०२३ पर्यंत औरंगाबाद म्हणत होतों तें शहर, हिमरूसाठीं प्रसिद्ध आहे. सूत आणि रेशीम यांच्या मिश्र विणकामांतून तयार होणारी ती शाल पाहणाऱ्याला दिसते ती तिच्यावरची नक्षी. परंतु मागावर बसलेल्या विणकराला नुसती नक्षी पाहून भागत नाहीं. कोणता आडवा धागा टाकतांना कोणते उभे धागे उचलावयाचे, याचा हिशेब त्याच्यापाशीं असावा लागतो. आणि वेलबुट्टी कोठें चुकली, तर ती दुरुस्त करण्यासाठीं त्याला त्या हिशेबाकडेच परत जावें लागतें.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो वरवर पाहतां मागापासून फार दूरचा आहे. वनस्पतींच्या अंगांतील जनुकें कोठें, केव्हां व किती काम करतात याचे आंकडे शास्त्रज्ञांनीं कसे मिळविले, त्या आंकड्यांचीं रंगीत चित्रें संगणकाच्या साहाय्यानें कशीं होऊं लागलीं, आणि त्या चित्रांमागील आंकडे पुन्हां बाहेर काढून घेणें इतकें अगत्याचें कां ठरलें, याचा हा इतिहास आहे. तो आपल्या दाराशीं येऊन पोंचलेला आहे, हें मी पुढें सांगेन. कारण त्यांतील एक प्रकरण मराठवाड्याच्या कपाशींतच घडलें.

प्रथम मूळ प्रश्न पाहूं. कपाशीच्या एका झाडाच्या मुळांत, पानांत, पात्यांत, फुलांत आणि बोंडांत जनुकांचा संच एकच असतो. असें असतां मूळ हें मूळ कां होतें आणि पान हें पान कां होतें? याचें उत्तर असें, कीं सर्व जनुकें सर्व ठिकाणीं सारखीं काम करीत नाहींत. जें जनुक कामाला लागतें, तें आपल्यांतील मजकुराची एक नक्कल काढून निरोपासारखी पेशींत पाठवितें. ह्या निरोपाला आरएनए म्हणतात. आणि त्या निरोपाबरहुकूम पेशी एखादें प्रथिन तयार करते. जनुकाच्या ह्या कामाला लागण्यालाच त्याची अभिव्यक्ति असें म्हणतात. तेव्हां अमुक झाडांत अमुक जनुक आहे एवढें सांगणें पुरेसें नाहीं. तें कोणत्या अवयवांत, वाढीच्या कोणत्या दिवशीं आणि किती प्रमाणांत व्यक्त होतें, हें सांगितलें पाहिजे.

हा भेद ध्यानांत येण्यास बराच काळ लागला. १८६५ सालीं ग्रेगोर मेंडेल ह्या मठवासी संशोधकानें वाटाण्यावरील आपले प्रयोग ब्र्यून येथील विद्वत्सभेंत वाचून दाखविले, आणि पुढच्या वर्षीं ते छापून निघाले. दोन भिन्न जातींच्या संकरांतून झालेलें झाड स्वतःच्याच परागानें फळलें, तर त्याच्या दर चार दाण्यांत सरासरीनें तिघांत एक गुण दिसतो आणि चौथ्यांत दिसत नाहीं, हें त्याचें प्रमाण आपण स्मरणांत ठेवावें. पुढें त्याची गांठ पुन्हां पडणार आहे. १९०९ सालीं डेन्मार्कच्या योहानसेन यांनीं ह्या आनुवंशिक घटकाला नांव दिलें. परंतु ह्या काळांत प्रश्न एवढाच होता, कीं जनुक आहे कीं नाहीं.

जनुक असूनहि तें गप्प बसूं शकतें, हें दाखविणारा पहिला मोठा रंगीत तक्ता निसर्गानेंच काढून ठेवला होता. तो म्हणजे मक्याचें कणीस. बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या अमेरिकन विदुषीनें १९४० नंतरच्या दशकांत मक्याच्या दाण्यांवरील जांभळे ठिपके आणि रेघा वर्षानुवर्षें न्याहाळल्या, आणि त्यांवरून असा निष्कर्ष काढला कीं जनुकांतील कांहीं तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात, आणि त्यामुळें रंगाचें जनुक एका पेशींत बंद तर शेजारच्या पेशींत चालू राहतें. त्या काळीं पुष्कळांना हें पटलें नाहीं. १९८३ सालीं, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं, त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. कणसावरचा प्रत्येक ठिपका ही एका पेशींत घडलेल्या घटनेची नोंद होती. मॅक्लिंटॉक यांनीं ती वाचली.

मधल्या काळांत, १९६१ सालीं, फ्रान्सच्या झाकोब व मोनो यांनीं जिवाणूंतील जनुकें परिस्थितीप्रमाणें कशीं चालू वा बंद होतात, याची उपपत्ति मांडली. पुढें १९८७ सालीं जेफर्सन व त्यांचे सहकारी यांनीं वनस्पतींसाठीं एक मोठी सोयीची युक्ति प्रसिद्ध केली. ज्या जनुकाचा शोध घ्यावयाचा, त्याला चालू करणारा भाग घेऊन त्याच्यापुढें जिवाणूंतील एक जनुक जोडावयाचें. आणि मग झाडाचा तुकडा एका विशिष्ट द्रवांत ठेवावयाचा. जेथें तो भाग चालू असेल, तेथें निळा रंग उमटतो. मुळाचें टोंक निळें झालें आणि पान कोरें राहिलें, तर उत्तर डोळ्यांसमोर उभें राहतें. एका वेळीं एक जनुक, आणि एका जनुकाचा एक रंग, अशी ती अवस्था होती.

१९९५ सालीं चित्र पालटलें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील शेना, ब्राऊन आदि संशोधकांनीं कांचेच्या पट्टीवर जनुकांचे सूक्ष्म ठिपके ओळीनें मांडून अनेक जनुकांची अभिव्यक्ति एकाच वेळीं मोजून दाखविली. त्यांच्या पहिल्या निबंधांत जनुकांची संख्या होती अवघी ४५, आणि तीं होतीं मोहरीच्या कुळांतील ॲराबिडॉप्सिस नांवाच्या एका लहानशा रोपाचीं. म्हणजे ह्या नव्या पद्धतीचा आरंभ प्राण्यांवर नव्हे, तर वनस्पतीवर झाला. पुढें पांच वर्षांनीं, २००० सालच्या डिसेंबरांत, त्याच रोपाच्या संपूर्ण जनुकसंचाचें वाचन प्रसिद्ध झालें आणि त्यांत सुमारें पंचवीस हजार जनुकें आढळलीं. पुढें २००८ च्या सुमारास ठिपक्यांच्या जागीं निरोपांचें थेट वाचनच होऊं लागलें. अवयवांतील आरएनए काढावयाचें, त्याचे तुकडे यंत्रानें वाचावयाचे, आणि कोणत्या जनुकाच्या वांट्याला किती तुकडे आले हें मोजावयाचें. लांब जनुकाचे तुकडे साहजिकच अधिक पडतात, म्हणून लांबीचा हिशेब वजा घालून, दर दहा लाख निरोपांमागें अमुक इतके, असा आंकडा काढतात.

आतां विचार करा. पंचवीस हजार जनुकें, आणि मूळ, खोड, पान, फूल, कोवळें फळ, पिकलें फळ असे वीसतीस नमुने. म्हणजे पांच-सात लाख आंकडे झाले. इतके आंकडे कोणी वाचावे? ह्या अडचणींतून चित्रांचा जन्म झाला. १९९८ सालीं आयझेन व त्यांचे सहकारी यांनीं एक रीत सांगितली. जनुकांच्या आडव्या ओळी करावयाच्या, नमुन्यांचे उभे स्तंभ करावयाचे, आणि प्रत्येक घरांत आंकड्याऐवजीं रंग भरावयाचा. अभिव्यक्ति वाढली तर लाल, घटली तर हिरवा, आणि फरक नसेल तर काळा. नंतर ज्या जनुकांची चाल सारखी असेल, त्यांच्या ओळी शेजारीं शेजारीं आणावयाच्या. असा तक्ता दुरून पाहिला तर त्यांत पट्टे आणि बुट्टे दिसूं लागतात. हिमरूची आठवण मला प्रथम झाली ती असा एक तक्ता पाहूनच.

२००७ सालीं कॅनडांतील टोरोंटो विद्यापीठांत प्रोव्हार्ट यांच्या प्रयोगशाळेनें याहून सोपी मांडणी प्रसिद्ध केली. त्यांच्या संगणकप्रणालींत तक्त्याऐवजीं झाडाचेंच चित्र काढलेलें असतें. आपण जनुकाचें नांव द्यावयाचें, कीं तें जेथें अधिक व्यक्त होतें तो अवयव लाल होतो, आणि जेथें कमी तेथें पिवळा राहतो. ज्याला गणिताची भीति वाटते अशा विद्यार्थ्यालाहि तें जनुक फुलाचें कीं मुळाचें, हें एका दृष्टिक्षेपांत कळतें. ज्ञान सुलभ करणारी ही गोष्ट खरोखर मोठी आहे.

परंतु सोयीच्या पोटांत एक धोका असतो. ह्या चित्रांतील रंगाची मोजपट्टी नेहमीं एकच नसते. पुष्कळदां प्रत्येक जनुकासाठीं ती स्वतंत्र ठरते. म्हणजे त्या जनुकाचा जो सर्वांत मोठा आंकडा असेल, त्याला पूर्ण लाल रंग मिळतो. आतां एका जनुकाचा सर्वांत मोठा आंकडा दहा असला आणि दुसऱ्याचा दहा हजार असला, तरी दोन्हीं चित्रांतील फूल सारखेंच लाल दिसेल! दुसरी गोष्ट, आंकड्यांतील अंतर फार मोठें असल्यामुळें रंग सामान्यतः पटीच्या हिशेबानें चढवितात. त्यामुळें आंकडा दुप्पट झाला तरी रंगांत एकच पायरी चढते. शिवाय लाल आणि हिरवा यांतील भेद ज्यांना ओळखतां येत नाहीं असे पुरुष समाजांत पुष्कळ आहेत. आयझेनी तक्त्याचा निम्मा अर्थ त्यांना हरवतो. म्हणून चित्र पाहून समाधान मानण्यापूर्वीं त्यामागील आंकडा मागावा लागतो. आंकडा न पाहतां नुसत्या ‘आहे’ ह्या शब्दावर विसंबल्यास काय होतें, हें पाहण्यासाठीं आपण आतां परदेश सोडून जालन्याच्या वाटेला लागूं.

संभाजीनगरहून जालना सुमारें साठ किलोमीटरांवर आहे, आणि १९८१ पर्यंत तें औरंगाबाद जिल्ह्यांतच होतें. तेथें १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं महिको ही बियाण्यांची संस्था काढली. १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. ह्याच संस्थेच्या कपाशीच्या तीन संकरित वाणांना २००२ सालच्या मार्चांत भारत सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीनें लागवडीची परवानगी दिली. हीच बीटी कपाशी. मातींत आढळणाऱ्या एका जिवाणूचें, क्राय-१-एसी नांवाचें जनुक तींत घातलेलें होतें. त्या जनुकापासून होणारें प्रथिन बोंडअळीच्या पोटांत गेलें कीं अळी मरते. हें जनुक चालू ठेवण्यासाठीं त्याच्यामागें जो भाग जोडला होता, तो फुलकोबीवर पडणाऱ्या एका विषाणूंतून घेतलेला होता; आणि तो झाडाच्या सर्व अवयवांत, सर्व काळ चालू राहतो अशी त्याची ख्याति होती.

शेतकऱ्यापर्यंत जें पोंचलें तें एवढेंच: ह्या कपाशींत अळीचें औषध आहे. हें विधान खोटें नव्हतें. परंतु तें ‘जनुक आहे कीं नाहीं’ ह्या जुन्या प्रश्नाचें उत्तर होतें. तें बोंडांत किती, आणि शंभराव्या दिवशीं किती, ह्या नव्या प्रश्नाचें उत्तर त्यांत नव्हतें.

तें उत्तर नागपुरांत शोधलें गेलें. तेथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेंतील केशव क्रांति व त्यांचे सहकारी यांनीं बाजारांतील आठ बीटी संकरित वाण घेऊन, त्यांच्या निरनिराळ्या भागांत व निरनिराळ्या वयांत ह्या प्रथिनाचें प्रमाण मोजलें, आणि २००५ सालच्या जुलैंत ‘करंट सायन्स’ ह्या नियतकालिकांत निष्कर्ष प्रसिद्ध केले. पानांत प्रथिन सर्वांत अधिक होतें. पात्यांत, बोंडांत आणि फुलांत तें उतरत गेलेलें होतें. बोंडाची साल, पात्यांतील कळी आणि फुलांतील बीजकोश यांत तर तें पूर्ण संरक्षणाला अपुरेंच होतें. एका ग्रॅमामागें सुमारें १.८ मायक्रोग्रॅमच्या खालीं प्रमाण गेलें, कीं अमेरिकन बोंडअळी अधिकाधिक संख्येनें जिवंत राहूं लागे. आणि झाडाचें वय जसजसें वाढलें, तसतसें तें प्रमाण सर्वच वाणांत घटत गेलें. मात्र कांहीं वाणांत सावकाश, तर कांहींत झपाट्यानें.

श्रोतेहो, अळी जेथें तोंड घालते तें ठिकाण म्हणजे बोंड. आणि संरक्षण सर्वांत बळकट तें पानांत! साऱ्या झाडाचा मिळून एकच सरासरी आंकडा काढला असता, तर ही विसंगति त्यांत बुडून गेली असती. तोच आंकडा अवयवावार आणि दिवसावार मांडला, तेव्हां ती वर आली. जनुकाभिव्यक्तीचे तक्ते कशासाठीं करावयाचे याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं.

येथें एक भेद मात्र सांगितला पाहिजे. नागपुरांत मोजलें गेलें तें प्रथिन, म्हणजे झालेलें काम. आणि मीं वर ज्या संगणकी चित्रांचें वर्णन केलें तीं बहुधा आरएनएचीं, म्हणजे धाडलेल्या निरोपांचीं असतात. निरोप निघाला म्हणजे काम पुरें झालेंच, असें नव्हे. चित्र पाहणाऱ्यानें हें विसरतां कामा नये.

आतां मेंडेलकडे परत जाऊं. आपल्याकडील बीटी कपाशी संकरित होती आणि आहे. इतर पुष्कळ देशांत ती सरळ वाणाची आहे. संकरित झाडाला हें जनुक एकाच पालकाकडून मिळालेलें असतें. त्यामुळें त्या झाडाच्या बोंडांत ज्या सरक्या धरतात, त्यांतील सरासरीनें दर चारांपैकीं एकींत तें जनुक नसतेंच. वाटाण्यावर मेंडेलनें मांडलेला हिशेब अशा रीतीनें दीडशें वर्षांनीं मराठवाड्याच्या बोंडांत उतरला. गुलाबी बोंडअळी राहते ती बोंडाच्या आंत, आणि खाते ती सरकी. एका बोंडांत विषारी आणि निर्विष दाणे शेजारीं शेजारीं मिळाल्यानें तिला विष पचविण्याचा सराव होतो, असें कपाशीच्या अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे. २००६ सालीं दोन जनुकांची बीटी कपाशी आली. २०१० सालीं गुलाबी बोंडअळीनें गुजरातेंत पहिल्या जनुकाला दाद देणें सोडल्याचें जाहीर झालें. आणि २०१७ च्या खरिपांत विदर्भांत व मराठवाड्यांत दोन जनुकांची कपाशीहि तिनें पोखरली. बिगरबीटी कपाशीच्या पांच ओळी कडेनें अथवा क्षेत्राच्या वीस टक्के लावाव्या, हा नियम फारसा पाळला गेला नाहीं. लांब मुदतीच्या वाणांमुळें अळीला हिवाळाभर अन्न मिळालें. अशीं इतरहि कारणें झालीं. त्या सर्वांचा दोष एका आंकड्यावर घालणें बरोबर होणार नाहीं. परंतु बोंडांतील प्रमाणाचा आणि सरकींतील वांटणीचा हिशेब प्रत्येक बियाण्याच्या पिशवीबरोबर शेतकऱ्याच्या हातीं पडता, तर वेचणी कधीं आटोपावी आणि फवारणी कधीं करावी, ह्याचा निर्णय त्याला अधिक डोळसपणें करतां आला असता, एवढें खचित म्हणतां येईल.

कपाशीच्या शेजारीं मराठवाड्यांत तूर उभी असते. तुरीच्या बाबतींत पुढचें पाऊल पडलेलें आहे. संभाजीनगर-जालना रस्त्यावर बदनापूर लागतें. तेथील कृषि संशोधन केंद्र परभणीच्या कृषि विद्यापीठाचें असून, बीएसएमआर ७३६, बीडीएन ७११ असे तुरीचे प्रसिद्ध वाण तेथूनच शेतकऱ्यांकडे गेले. दुसरीकडे, हैदराबादजवळील पाटनचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पुढाकारानें तुरीच्या जनुकसंचाचें वाचन २०११-१२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत ४८,६८० जनुकें असल्याचा अंदाज निघाला. त्याच संस्थेनें २०१७ सालीं तुरीचा अभिव्यक्तिकोश प्रसिद्ध केला. ‘आशा’ नांवाच्या वाणाचे, अंकुरापासून सुकलेल्या झाडापर्यंतचे, तीस नमुने घेऊन त्यांतील निरोप वाचले गेले आणि अठ्ठावीस हजारांहून अधिक जनुकें कोठें ना कोठें व्यक्त होतांना आढळलीं. डाळीच्या वरणाशिवाय ज्यांचें जेवण पुरें होत नाहीं, अशा आपल्यासारख्यांना ह्या कोशाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

समजा, शहरांतील एखाद्या महाविद्यालयांतील विद्यार्थिनी ह्या कोशांत शिरली. तुरीवर पडणाऱ्या मर रोगाला तोंड देणारें एखादें जनुक तिला शोधावयाचें आहे. हा रोग मुळांतून शिरतो. तिनें जनुकांचीं नांवें दिलीं, रंगीत तक्ता उमटला, आणि एका जनुकाची मुळाची चौकट गडद लाल दिसली. आतां तिचें खरें काम सुरू होतें. तक्त्याचें चित्र तर तिनें घ्यावेंच. परंतु त्याबरोबर त्यामागील आंकडेहि बाहेर काढून घ्यावे. पहिल्या स्तंभांत जनुकाची ओळखखूण, पुढील स्तंभांत एकेक नमुना, आणि घरांघरांत आंकडा, अशा साध्या मजकुराच्या रूपांत ते घेतले म्हणजे कोणत्याहि दुसऱ्या प्रणालींत त्यांचा पडताळा पाहतां येतो. त्या आंकड्यांबरोबर चार गोष्टी लिहून ठेवाव्या: वाण कोणता, अवयव कोणता, झाडाचें वय किती, आणि आंकडा कोणत्या मापाचा. ह्या चार गोष्टींवांचून बाहेर आलेला आंकडा म्हणजे पत्ता नसलेलें पत्र होय. आणि एक गोष्ट तिनें स्वतःशीं पक्की बांधावी, कीं तो नकाशा ‘आशा’चा आहे, बदनापूरच्या वाणाचा नव्हे. कपाशीच्या आठ वाणांत एकच जनुक निरनिराळ्या प्रमाणांत व्यक्त झालें, हें आपण पाहिलेंच आहे. नकाशा वाट दाखवील, परंतु बदनापूरच्या तुरीचें मूळ बदनापुरांतच उपटून तपासावें लागेल.

हा शिस्तीचा विचार शास्त्रज्ञांना फार लवकर सुचला, ही त्यांच्या श्रेयाची गोष्ट आहे. २००० सालीं अमेरिकेंत अभिव्यक्तीच्या आंकड्यांचें एक सार्वजनिक भांडार उघडलें. आणि २००१ सालीं, अशा प्रयोगाबरोबर किमान कोणती माहिती दिलीच पाहिजे, याचा एक नियमसंच ठरला. पुढें पुष्कळ नियतकालिकांनीं आपले आंकडे अशा भांडारांत ठेविल्यावांचून निबंध छापावयाचा नाहीं, असा दंडक घातला. त्यामुळें टोरोंटोंत काढलेल्या चित्राचा आंकडा संभाजीनगरांतील विद्यार्थ्याला विनामूल्य मिळूं शकतो. ज्ञानाच्या इतिहासांत अशी उदारता नेहमीं आढळत नाहीं.

तरीहि वाहतुकींत माल खराब होऊं शकतो. २००४ सालीं कांहीं संशोधकांच्या असें ध्यानांत आलें, कीं एक्सेल ह्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालींत आंकडे उघडले, कीं कांहीं जनुकांचीं नांवें आपोआप तारखा होऊन बसतात. ‘मार्च-१’ नांवाच्या मानवी जनुकाला ती प्रणाली मार्च महिन्याची पहिली तारीख समजे! अंक आणि अक्षर यांची मिसळ असलेल्या कांहीं ओळखखुणा तर मोठमोठ्या संख्या होऊन नाहींशा होत. २०१६ सालच्या एका पाहणींत, अशा तक्त्यांसह छापलेल्या निबंधांपैकीं सुमारें पांचव्या हिश्श्यांत ही चूक आढळली. अखेर २०२० सालीं जनुकांचीं नांवेंच बदलावीं लागलीं. मोठमोठ्या यंत्रांनीं मोजलेलें सत्य एका घरगुती तक्त्याच्या आगाऊपणानें बिघडावें, ही गोष्ट हंसण्यासारखी वाटते; परंतु ज्या विद्यार्थ्याचें वर्षाचें काम त्यांत जातें, त्याला हंसूं येत नाहीं. म्हणून ओळखखुणेचा स्तंभ ‘हा मजकूर आहे, संख्या नव्हे’ असें सांगूनच उघडावा, आणि काढून घेतलेल्या मूळ प्रतीला हात लावूं नये.

मॅक्लिंटॉकचें कणीस, जेफर्सनचा निळा रंग, आयझेनचा तक्ता आणि टोरोंटोचें रंगीत झाड, ह्या सर्वांनीं माणसाला झाडाच्या आंत पाहण्याची दृष्टि दिली. ती दृष्टि नाकारण्यांत शहाणपण नाहीं. पण रंग पाहून ज्याला प्रश्न सुचत नाहींत, त्याला रंगानें कांहींच सांगितलेलें नसतें. आपल्या घरांतील मुलगा अथवा मुलगी कधीं असें चित्र कौतुकानें आपल्यासमोर धरील. त्या वेळीं आपण शास्त्रज्ञ नसलों तरी तीन गोष्टी विचारूं शकतों: ह्या लाल रंगाचा आंकडा किती? हा नमुना कोणत्या वाणाच्या कोणत्या अवयवाचा, आणि कितव्या दिवशींचा? आणि हा आंकडा मला माझ्या वहींत उतरून घेतां येईल काय?

हे तीन प्रश्न २००२ सालीं कपाशीच्या पिशवीला कोणी विचारले असते, तर त्यांचीं उत्तरें मोजून काढण्यासाठीं तीन वर्षें थांबावें लागलें नसतें. तुरीच्या पुढच्या वाणाची पिशवी अद्याप शिवावयाची आहे. तिला ते विचारण्याची वेळ टळलेली नाहीं.